कासवाला दिलेली ओळख

फार फार पूर्वी, जेव्हा नाग तळ्यात झोपत आणि दगडाला नीट विचारलं तर तो उत्तर देई, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरावर एक उंच मनोरा होता आणि त्या मनोऱ्यात एक पंडित राहत होता. साधासुधा नव्हे, महापंडित. त्याला वाऱ्याची भाषा येई, ताऱ्यांची नावं पाठ होती, आणि स्वतःबद्दल बोलायला लागला की तो जेवणखाण विसरे. लोक त्याला वाकून नमस्कार करत. तोही मान तुकवे, पण इतकी थोडी, की ती तुकवली हे फक्त त्यालाच कळावं.

डोंगराखालच्या खोऱ्यात त्याचं घर होतं. घरात म्हातारी आई आणि धाकटी बहीण. या घराला पिढ्यान्‌पिढ्या एक काम नेमून दिलेलं होतं. खोऱ्याच्या वरच्या अंगाला एक तळं होतं आणि तळ्याच्या तळाशी पंखांचा एक अजस्र नाग झोपलेला होता. दर वर्षी सुगी संपली की या घरातल्या भावा-बहिणीनं काठावर जाऊन त्याला अंगाई म्हणायची. भावानं म्हणायचं, 'नीज नागराया, पाणी निजलं.' बहिणीनं उत्तर द्यायचं, 'मी जागी आहे रे, तू नीज.' बस, एवढंच. मग नाग वर्षभर कूससुद्धा बदलत नसे. पंडिताच्या आजोबांनी आणि त्यांच्या बहिणीनं हे केलं होतं, मग वडिलांनी आणि आत्यानं, मग पंडितानं आणि त्याच्या बहिणीनं.

पण मनोऱ्यात गेल्यावर पंडिताला शिंगं फुटली. अंगाईनं का कुठं नाग झोपतात? ही अडाणी माणसांची समजूत, असं तो म्हणू लागला. गेल्या सुगीला तो खाली गेलाच नाही. बहिणीनं एकटीनंच अंगाई म्हटली, आणि नागही अर्धाच झोपला.

यंदा सुगी संपायच्या आतच बहीण डोंगर चढून वर आली. भर दुपारी पंडित चौकात शिष्यांना शिकवत होता. ती दारातूनच ओरडली, "आरं भुऱ्या, चल लवकर!"

शिष्य एकमेकांकडं बघू लागले. ज्याच्या नावाआधीच्या पदव्या म्हणताना दम लागायचा, त्याचं नाव भुऱ्या? एका शिष्यानं हसू लपवायला उपरणं तोंडात कोंबलं. पंडिताचे कान लाल झाले. तो घाईघाईनं उठला आणि बहिणीला कोपऱ्यात घेऊन गेला.

"इथं असं हाका मारत येतात का?"

"मग कसं यायचं? तळं उकळाया लागलंय. नाग जागा व्हतोय. आई म्हणती, भुऱ्याला घिऊन ये, दोघं मिळून म्हणा." तिनं कमरेचं गाठोडं सोडलं. "ही भाकरी दिलीया तिनं तुला. आन् लसणाची चटणी. मिरची न घालता केलीया, तुला तिखट सोसत न्हाई म्हणून."

लांबून शिष्य बघत होते. पंडितानं गाठोड्याला हातही लावला नाही.

"आईला सांग, बडबडगीतं म्हणायचं माझं वय राहिलेलं नाही. नागाला झोपवणारा खरा मंत्र असणार. तो मी शोधून आणतो. तू थांब इथंच."

बहीण पायरीवर बसली. भाऊ मंत्र आणतो म्हणालाय म्हणजे आणणारच, असं तिला वाटलं. लहानपणापासून तिला तसंच वाटत आलेलं होतं.

मनोऱ्याच्या तळघरात एक दगडी कासव होतं. जग झालं तेव्हापासून ते तिथं होतं, त्यामुळं त्याला सगळं माहीत होतं. पण त्याची एक रीत होती. आधी आपलं काहीतरी त्याला द्यायचं आणि मगच विचारायचं, तेही एकदाच. दिलेलं परत मिळत नसे. एका जुन्या आचार्यांनी आपल्या जिभेची चव दिली होती. ते मरेपर्यंत जेवताना रडत. दुसऱ्यानं आपली सावली दिली. त्याला बघून कुत्री भुंकत. म्हणून शहाणी माणसं कासवाच्या वाटेला जात नसत.

पंडित मात्र पायऱ्या उतरता उतरता मनात हिशेब मांडत होता. आपल्याकडचं असं काय द्यावं, की गेलं तरी आपलं काही अडणार नाही? चव नको. सावली नको. विद्येचा तर प्रश्नच नाही. तेवढ्यात त्याला मघाचं उपरणं आठवलं, शिष्याच्या तोंडात कोंबलेलं, आणि त्याचा चेहरा उजळला. आपल्या हुशारीवर तो स्वतःच खूश झाला.

"घरच्यांच्या मनातली माझी ओळख तुला दिली," तो कासवाला म्हणाला. "त्यांनी मला विसरावं. मी त्यांना ओळखत राहीनच, म्हणजे माझं काहीच जात नाही."

कासवानं हळूच मान बाहेर काढली. "नीट विचार केलास का बाबा?"

"विचार करणं हाच माझा धंदा आहे."

"परत मिळत नाही."

"परत हवीय कुणाला?"

कासवानं डोळे मिटून उघडले. पंडिताला कुठं दुखलं नाही, खुपलं नाही. अगदीच स्वस्तात पडलं, असं त्याला वाटलं.

"आता सांग," तो म्हणाला, "तळ्यातल्या नागाला झोपवणारा मंत्र कोणता?"

"त्या तळ्यात पूर्वी दोन नाग होते," कासव सांगू लागलं. "भाऊ आणि बहीण. ती जागी राहायची तेव्हा हा झोपायचा. ती मेली आणि याची झोप उडाली. मग तुझ्या पूर्वजांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं, की एका घरातली दोन माणसं एकमेकांना हाक देतात आणि ओ देतात, ते ऐकलं की याला वाटतं आपलं कुणीतरी जागं आहे. मग हा झोपतो. त्यांनी त्याची अंगाई केली. 'नीज नागराया, पाणी निजलं.' शब्द कुठलेही चालतील रे. माणसं मात्र एकमेकांची लागतात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण पंडितानं शिष्यांना कितीदा तरी समजावून सांगितली होती. पण इथं वळसा घालून येईपर्यंत त्यानं काखेतला कळसाच देऊन टाकला होता.

"थांब! आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला ओळखलंच नाही तर?"

पण कासवानं मान आत घेतली होती. एकदा विचारून झालं होतं.

तो धापा टाकत पायऱ्या चढून वर आला. बहीण त्याच पायरीवर बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, गडबडीनं उठली, डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला सरकून उभी राहिली. थोरामोठ्यांना वाट देतात तशी.

"पंडितजी," ती चाचरत म्हणाली, "मी हितं कशाला आले, मला आठवंना झालंय. आन् ही भाकरी कुणाची, त्येबी कळंना. तुमास्नी काय ठावं हाय का?"

आयुष्यभर ज्या नावानं सगळ्यांनी हाक मारावी असं पंडिताला वाटलं होतं, तेच नाव बहिणीच्या तोंडून आलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

"अगं, मी भुऱ्या! तुझा भाऊ!"

ती दोन पावलं मागं सरली. "मला भाऊ न्हाई जी," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत थोडी भीती होती आणि थोडी दया होती, वेड्या माणसाकडं बघताना असते तशी.

तरी पंडितानं तिला नागाचं सांगितलं. नाग तिला आठवत होता, तळंही आठवत होतं. दोघं धावत डोंगर उतरली. तळ्याचं पाणी खदखदत होतं आणि मधोमध नागाचं डोकं वर आलेलं होतं, गावच्या चावडीएवढं. पंडितानं येत होते तेवढे मंत्र म्हणून पाहिले, वाऱ्याच्या भाषेतले, ताऱ्यांच्या नावांचे. नागानं पापणीसुद्धा हलवली नाही.

शेवटी पंडितानं अंगाई सुरू केली. "नीज नागराया, पाणी निजलं..."

नागानं मान वळवली.

बहिणीला पुढचं पाठ होतं. बिचारीनं मनापासून म्हटलं, "मी जागी आहे रे, तू नीज." शब्द तेच होते, चाल तीच होती. नागानं डोकं पाण्यापर्यंत खाली आणलं आणि कान दिला. पण तिथं दोन अनोळखी माणसं शेजारी उभी राहून गात होती, आणि नागाला ते लगेच कळलं. त्यानं अशी किंकाळी फोडली, की ती रागाची नव्हती हे पंडितालाही समजलं. मग त्यानं पंख उघडले. तळं काठ सोडून खोऱ्यात उतरलं. जाता जाता नागाच्या शेपटीचा फटका मनोऱ्याला बसला आणि त्याचा वरचा भाग ढासळला. नाग डोंगरापलीकडं निघून गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

गावात किंकाळी ऐकू गेली तशी माणसं गुरंढोरं घेऊन टेकाडावर चढली होती, म्हणून जीव वाचले. घरं मात्र सगळी पाण्यात गेली. तळ्याकाठची ती दोघंही भिजत, धडपडत त्याच टेकाडावर पोचली. त्या गर्दीत पंडित एकेकाचं तोंड बघत फिरत होता. एका दगडाशी त्याला आई दिसली. बहीण तिच्या शेजारी बसून होती, मांडीवर ते गाठोडं होतं.

पंडित आईसमोर जाऊन उभा राहिला. आता ही हाक मारील, असं अजूनही त्याला वाटत होतं. कासवाकडं कुणाची चव गेली असेल, कुणाची सावली गेली असेल, पण ही आई होती.

आईनं त्याला खालपासून वर न्याहाळलं. मग पदर सावरला.

"बसा पंडितजी," ती म्हणाली. "तुमीबी भिजलायसा. सकाळधरनं पोटात काय न्हाई वाटतं?" तिनं लेकीच्या मांडीवरून गाठोडं घेऊन सोडलं. "घ्या, खावा. मीच बांधलीती ही भाकरी, पण कुणासाठी, ध्यानातच येत न्हाई बघा. चटणीबी बिनमिरचीची. आमच्यात तर असलं कुणी खात न्हाई." ती भाकरीकडं बघत थोडा वेळ तशीच बसली. कपाळाला आठ्या पडल्या. मग तिनं मान हलवली आणि भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

पंडितानं घास घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा म्हातारी जवळ सरकली.

"तुमची आई हाय का वो?" तिनं विचारलं.

"आहे," पंडित कसाबसा म्हणाला.

"मग हितं काय करताय?" म्हातारी म्हणाली. "जावा की तिच्याकडं. वाट बघत आसंल."

तात्पर्य: विद्येसाठी वाटेल ते द्यावं, पण आपल्याला अरे-तुरे करणारी माणसं देऊन टाकू नयेत. ती गेली, की मोठेपण उरतं आणि ओ द्यायला कुणी उरत नाही.