रुसलेला निळा रंग

एका राज्यात पक्षी माणसांशी बोलत आणि आभाळ रंगाऱ्यांना रंग देई. तिथे नीलांगना नावाची जादूगारीण राजघराण्याची वस्त्रे निळी रंगवी. पुढे रत्नध्वज राजाला सोनेरी रेशमाचे वेड लागले. दरबारी म्हणू लागले, "निळे आता कोण नेसते?" राजाने नीलांगनेला वेशीबाहेर घालवले.

"नकोसे झाले ते घेऊन जाते," ती म्हणाली, आणि निळा रंग घडी करून निघून गेली.

आभाळ ताकासारखे पांढरे झाले. सांज होईना, रात्र पडेना. कुणाला झोप येईना. तान्ही मुले रडून रडून निपचित पडली.

तेव्हा राजकन्या इरावती निघाली. कापसासारखा पांढरा पडलेला नीलकंठ पक्षी तिच्या खांद्यावर बसला. "मी वाट दाखवतो, राजकन्ये. मला तर आता नावही उरले नाही."

नीलकंठाने दाखवलेल्या सरोवराच्या तळाशी नीलांगना भेटली. तिने तीन कामे सांगितली. इरावतीने स्वतःच्या सावलीचे सूत कातले. न थांबणाऱ्या वाऱ्याकडून त्या सुताचे लुगडे विणून घेतले. नीलांगनेने ते निळ्यात बुडवले.

"आता तिसरे काम. हे नेसून दरबारात जा. हसतील. कुणी ते मनापासून मागितले की रंग आभाळात परतेल; तोवर उतरवू नकोस."

दरबार खदखदून हसला. इरावतीने अट सांगितली तेव्हा राजा ओशाळून म्हणाला, "झोप परत यावी म्हणून मागतो. दे."

"गरजेपोटी मागितलेले चालत नाही, बाबा."

इरावती तेच लुगडे नेसून हिंडली, झोपाळ्यावर बसली. पदर पाण्यासारखा हलत राही. लोकांचे हसू हळूहळू विरले. एकदा राजा तिच्याजवळ येऊन बसला. पदर हातात घेऊन म्हणाला, "इरा, किती सुंदर आहे गं हे! माझ्या पागोट्याला यातले थोडे देशील?"

लुगड्याचा रंग उसवला, धुरासारखा वर गेला. सांज झाली. बोलता बोलता सारे जागच्या जागी झोपले.

जागे झाल्यावर दरबारी निळ्या वस्त्रांसाठी भांडू लागले. जो तो म्हणे, मला आधीपासूनच आवडत होते.

राजा अनवाणी सरोवराकाठी गेला. "माझे चुकले, माई. परत या."

"येते. पण आज वेडे झालेले उद्या मला विसरतील. तेव्हा घालवून देऊ नकोस."

राजाने शब्द दिला. पुढे त्या राज्यात आवडीनिवडी कितीदा तरी पालटल्या, पण वेशीबाहेर कुणालाच जावे लागले नाही.