गुरुजींचा दाखला

फार जुनी गोष्ट. तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी एका गुरुजींची पाठशाळा होती. गुरुजी विद्वान होते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे तुम्हाला त्याचा विसर पडेल.

त्यांना एक खोड होती. दाखल्याशिवाय धडा पुढे सरकायचा नाही, आणि दाखला समोर बसलेल्यांतलाच हवा! हाव शिकवायची, की जाड्या मुलाला उभं करायचे. उच्चार शिकवायचे, की येसाजीला. येसाजी बोलताना अडखळायचा.

"ऊठ रे येसाजी! शब्द कसा उच्चारू नये, ते दाखव."

येसाजी उठायचा आणि मुलं पोट धरधरून हसायची.

गुरुजींच्या पत्नी, माई, आतून ऐकायच्या आणि कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अहो, किती वेळा सांगू? लोकांनी पोरं शिकायला धाडलीत, नमुने म्हणून नाही!"

"दाखल्याशिवाय शास्त्र डोक्यात शिरत नाही," गुरुजी म्हणायचे. "आणि त्यात त्याचंही भलंच आहे."

ते भलं येसाजीला कधी दिसलं नाही. त्याने हळूहळू बोलणंच सोडलं. साधं पाणी हवं असलं, तरी खूण करायचा.

एके दुपारी धडा रंगात आला होता. दाराशी बसलेला येसाजी एकदम उठला. गोठ्यावरच्या गवतातून धूर निघत होता.

"आ… आ… आ…"

"थांबा!" गुरुजींचे डोळे चमकले. "सगळे नीट ऐका. अक्षर नेमकं कुठे अडतंय?"

"आंबा!" एक ओरडला. "आवळा!" दुसरा ओरडला.

येसाजीने गुरुजींकडे एकवार पाहिलं आणि तो धावत सुटला. एकट्याने त्याने गाईंची दावी सोडली. हात पोळले. गाई वाचल्या, पण आतल्या कोपऱ्यातलं वासरू राहिलं ते राहिलंच.

आग विझल्यावर गुरुजी त्याच्यावरच डाफरले, "अरे, ओरडायचं नाही का?"

"तो ओरडतच होता," माई म्हणाल्या. "तुम्ही शिकवत होता."

गुरुजींची मान खाली गेली. वाटलं, आता तरी सुधारतील. कसले सुधारतात! दुसऱ्याच सकाळी आसनावर बसून म्हणाले, "आजचा धडा, धैर्य. येसाजी, पुढे ये. ते भाजलेले हात सगळ्यांना दाखव."

येसाजी पुढे आला नाही. फडकी गुंडाळलेल्या हातांनी त्याने आपलं बोचकं उचललं.

"मी… मी घ… घरी जातो," तो म्हणाला. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत या वेळी कुणी हसलं नाही.

पाठोपाठ एकेक मूल गेलं आणि पाठशाळा ओस पडली. "मुलं का गेली असतील गं?" गुरुजी माईंना विचारत राहिले. माईंनी उत्तर देणं कधीच सोडलं होतं.

तात्पर्य: शिष्याला धडा शिकवावा, शिष्याचा धडा करू नये.