लुदूबाय आणि घंटेची जीभ

एकदा काय झालं, खाडीच्या तोंडाशी एक गाव होता आणि गावात क्रुसाचं देऊळ होतं. देऊळ साधं, मातीचं. पण घंटा काशाची, रांजणाएवढी. ती वाजवायची लुदूबाय. खरं नाव लुदोविना, पण एवढं मोठं नाव घ्यायला कोणाला वेळ होता? लुदूबाय म्हातारी, कमरेत वाकलेली आणि तोंडाने जरा फटकळ. पण माया म्हणाल, तर गावभर पुरून उरेल एवढी.

रोज तिन्हीसांजेला लुदूबाय दोर ओढायची. घंटा वाजली की सगळा गाव असेल तिथे थांबायचा. नांगर थांबायचा, जातं थांबायचं. माणसं मान झुकवून नमो मरिया ही प्रार्थना म्हणायची. आणि बरं का, समुद्रावरच्या होड्यांना तीच घंटा वाट दाखवायची. धुकं पडलं की नाखवा कान देऊन बसायचा आणि आवाजाच्या रोखाने होडी वळवायचा. ज्यांचा देव वेगळा, ते कोळीसुद्धा त्याच घंटेने घरी यायचे. तू कोणाचा, असं घंटा थोडीच विचारते?

त्या मुलखाला एक राजा होता. वाईट नव्हता, पण फुगीर होता. एका संध्याकाळी त्याची पालखी गावातून चालली होती. घंटा वाजली. भोयांनी पालखी खाली ठेवली आणि मान झुकवली. रस्त्यावरच्या सगळ्यांनीच झुकवली. राजाला वाटलं, हा आपल्यालाच नमस्कार. त्याने हात वर करून आशीर्वादही दिला. मग कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की महाराज, हे घंटेसाठी आहे. राजाचा हात तसाच वर राहिला. हसू नका रे. त्याला फार लागलं ते.

मग त्याने लुदूबायला रेशमी लुगडं पाठवलं आणि निरोप दिला, की यापुढे आमची पालखी येईल तेव्हाच घंटा वाजव. लुदूबायने लुगडं परत पाठवलं. म्हणाली, होडीतून पालखी दिसत नाही.

मग राजाने दोर कापून नेला. लुदूबाय शिडीवर चढली आणि हाताने घंटा वाजवू लागली. गुडघे कुरकुरत होते, पण घंटा वेळेवर वाजली.

मग मात्र राजा संतापला. त्याने धाकू नावाच्या शिपायाला बोलावलं आणि फर्मावलं, "तिची जीभ काढून आण."

आता तुम्हीच सांगा, कोणाची? घंटा ती आणि लुदूबायही ती. घंटेच्या पोटात जो लोखंडी लोलक लोंबतो ना, त्यालाही आपल्याकडे जीभच म्हणतात. राजाच्या मनात लुदूबाय होती. पण धाकू होता कोळ्याचा. त्याचा बाप, हिरू, रोज त्याच घंटेने घरी यायचा. धाकूने डोकं खाजवलं आणि गावाची वाट धरली.

लुदूबाय दारातच बसली होती. हुकूम तिच्या कानावर आला होता. ती म्हणाली, "ये बाबा. फक्त आजची घंटा होऊ दे, मग काय ते कर."

धाकूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घंटा होईपर्यंत थांबला. मग शिडीवर चढला, लोखंडी जीभ काढली, ताटात ठेवली, वर फडकं घातलं आणि भर दरबारात राजापुढे धरली. म्हणाला, "महाराज, तिची जीभ." राजाने फडकं उचललं आणि बघतच राहिला. आपल्याला म्हातारीची जीभ हवी होती, हे सगळ्यांदेखत बोलायची त्याला लाज वाटली. तो नुसता "हं" म्हणाला. धाकू भोळा होता की पोचलेला, ते मला आजवर कळलेलं नाही.

घंटा तरी गप्प झाली म्हणून दुसऱ्या दिवशी राजा खुशीत होडीतून निघाला. आता लोक किनाऱ्यावरून आपल्याला मान झुकवतात का, ते त्याला बघायचं होतं. आणि नेमकं धुकं आलं. असं दाट, की वल्ह्याचं टोक दिसेना. राजाची होडी अडकली, हिरूची अडकली, सगळ्यांच्याच अडकल्या. खाडीच्या तोंडाशी तर खडकच खडक.

लुदूबाय वरवंटा घेऊन देवळात धावली. घंटेवर ठोका घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला घंटेला तडा गेला. फुटक्या मडक्यासारखा आवाज यायला लागला. मग ती तशीच समुद्रात शिरली, कमरेएवढ्या पाण्यात, आणि हाका मारू लागली.

"दुमिंग, इकडे. पास्कू, इकडे. हिरू, इकडे रे."

एकेक हाक, एकेक होडी. दुमिंग आला, पास्कू आला, हिरू आला. पण लुदूबायचा घसा फाटला. ओठांच्या कोपऱ्यातून रक्त यायला लागलं. शेवटी एकच होडी राहिली.

लोक म्हणाले, "मावशे, आता पुरे. राजाच राहिलाय. त्याने तुझी जीभ मागितली होती."

लुदूबाय म्हणाली, "मागितली ना? मग देते."

पण राजाचं नाव काय? कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे आपले महाराज म्हणायचे. मग लुदूबायने सगळ्या लेकरांना मारतात तशी हाक मारली.

"बाळा, इकडे ये. घाबरू नको. इकडे."

धुक्यात बसलेल्या राजाला किती वर्षांत कोणी बाळा म्हटलं नव्हतं. त्याने स्वतः वल्हं हातात घेतलं आणि आवाजाच्या दिशेने निघाला. होडी वाळूला लागली आणि लुदूबायचा आवाज गेला. गेला तो कायमचा. राजा चिखलात उतरला आणि तिच्यापुढे त्याने मान झुकवली. त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही.

मग त्याने नवी घंटा ओतवली. लुदूबाय पुष्कळ वर्षं जगली. रोज दोर ओढायची, आणि लोक तिच्यासाठी नमो मरिया मोठ्याने म्हणायचे. ती देवाघरी गेल्यावर गाव तिला रक्तसाक्षी, म्हणजे देवासाठी रक्त सांडलेली, म्हणू लागला. लांबून आलेल्या पाद्रीबाबांनी विचारलं, की हिच्यावर तलवार कोणी चालवली? गावकरी म्हणाले, कोणीच नाही, बाबा. हिने दिलं ते आपणहून दिलं. तेव्हा पाद्रीबाबांनी टोपी काढली.

तर तो गाव सुखात राहिला, कोळी सुखात राहिले, राजाही सुखात राहिला. सगळे घरी पोचले. आता क्रुसाची खूण करा, त्या पलीकडच्याला जरा पांघरूण द्या, आणि झोपा माझ्या बाळांनो.