मिरी म्हणाली, "जाते मी!"

एक मुंगी होती. मिऱ्यासारखी काळी कुळकुळीत. म्हणून तिचं नाव मिरी.

तिची धाकटी बहीण जिरी. जिरीला आला ताप. तोंड झालं कडू कडू.
जिरी म्हणाली, "ताई गं, मला गूळ हवा."

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बनी नावाच्या मुलीच्या घरात गेली. गुळाचा एक खडा मिळाला. इवलासा. मिरीनं तो उचलला, आणि...

टुण! टुण! टुण! गडप!

खडा गेला गोणपाटाखाली. गोणपाटावर कोण? गलेलठ्ठ बोकोबा!

"बोकोबा बोकोबा, जरा उठा ना! माझा गूळ खाली गेलाय."

बोकोबानं एक डोळा उघडला. "इथं ऊब आहे. उंबऱ्यावर ऊन आलंय, पण तिथं कोंबडी बसलीय. आधी तिला उठव. मग मी उठतो."

आणि डोळा मिटला. घुर्रर्र... घुर्रर्र...

"बरं, येते हं!" म्हणाली मिरी.

तुरुतुरु तुरुतुरु. उंबऱ्यावर गेली.

"कोंबडीताई कोंबडीताई, जरा उठा ना!
बोका हलेना,
गूळ मिळेना,
जिरीचं तोंड कडू ते कडू!"

कोंबडीनं मान वाकडी केली. "कॉक कॉक! पोटात कावळे ओरडतायत माझ्या. आधी बनीला सांग, कण्या टाक. मग मी उठते."

"कोंबडीच्या पोटात कावळे? कमालच आहे! बरं, येते हं!" म्हणाली मिरी.

तुरुतुरु तुरुतुरु. बनीकडे गेली. बनी बसली होती गाल फुगवून.

"बने बने, जरा कण्या टाक ना!
कोंबडी उठेना,
बोका हलेना,
गूळ मिळेना,
जिरीचं तोंड कडू ते कडू!"

"मी नाही जा! माझे केस डोळ्यांत येतायत. मला सूप दिसत नाही, कण्या दिसत नाहीत, तूसुद्धा दिसत नाहीस! आधी आईला सांग, वेणी घाल. मग मी टाकते."

मिरीनं कपाळाला पाय लावला. "जिरीला आलाय ताप, आणि मला झालाय ताप! बरं, येते हं!"

तुरुतुरु तुरुतुरु. चुलीपाशी गेली. आई भाकरी थापत होती. थप थप थप.

"बनीच्या आई, बनीच्या आई, जरा वेणी घाला ना!
बनी कण्या टाकेना,
कोंबडी उठेना,
बोका हलेना,
गूळ मिळेना,
जिरीचं तोंड कडू ते कडू!"

"अगं बाई, बघतेस ना? हात पिठात, भाकरी तव्यावर, बाळ पाळण्यात रडतंय. मला काय चार हात आहेत? आधी बाळाला निजव. मग मी घालते."

"मला सहा पाय आहेत, तरी दमले मी! बरं, येते हं."

तुरु... तुरु... तुरु... पाळण्यावर चढली.

"बाळा बाळा, जरा निज ना!
आई वेणी घालेना,
बनी कण्या टाकेना,
कोंबडी उठेना,
बोका हलेना,
गूळ मिळेना,
जिरीचं तोंड कडू ते कडू!"

बाळ म्हणालं, "ऊंऽऽ ऊंऽऽ!"

"असं नाही रे! निज!"

"ऊंऽऽ ऊंऽऽ ऊंऽऽ!"

झालं! मिरी वैतागली. खाली उतरली. घराच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली. मुंगीला ओरडता येतं तेवढं ओरडली.

"बाळ निजेना,
आई वेणी घालेना,
बनी कण्या टाकेना,
कोंबडी उठेना,
बोका हलेना,
गूळ मिळेना,
जिरीचं तोंड कडू ते कडू!
जो तो म्हणतो, आधी तो! जो तो म्हणतो, आधी ती!
जाते मी!"

थप थप थांबली.

"अगं अगं!" आई म्हणाली. "जाते म्हणू नये बाई! कुणाच्या घरून निघताना येते म्हणावं."

"कशाला येऊ? इथं कुणी उठतच नाही!"

तोंड कडू, म्हणजे जिरीला ताप, हे आईला कळलं. बनीला ताप आला होता, तेव्हा आईला घास गिळवला नव्हता.

"चल," आई म्हणाली, "आधी मीच उठते."

आई उठली. बाळाला घेतलं. बनीच्या मागे बसली. बाळाला मांडीवर टाकलं. मांडी हलव हलव हलवली. बाळ निजलं का? नाही निजलं! तरी आईनं वेणी घालायला घेतली. केसांना पीठ लागलं. लागू दे! भाकरी करपली. करपू दे!

अर्धी वेणी झाली, तोच बनी उठली. "पुरे गं आई! मला दिसतंय!"
सूप घेतलं. कण्या टाकल्या. सर्रर्र!

कोंबडी उठली. टक टक टक! टक टक...
"अहो, मी कणी नाही! मी मिरी!"
"अगंबाई! चुकले हं."

उंबरा झाला रिकामा. बोकोबा उठला. आळस दिला. उन्हात जाऊन पसरला.

बनीनं गोणपाट उचललं. आणि खाली?

गूळ! गूळ! गूळ!

मिरीनं खडा घट्ट धरला. या वेळी अगदी घट्ट. दारापर्यंत गेली आणि वळली.

"येते हं!"

"ये हं!" आई म्हणाली. "ये हं!" बनी म्हणाली. बाळ काय म्हणालं? काही नाही. बाळ निजलं होतं.

तुरुतुरु तुरुतुरु. जिरीनं गूळ चाटला. एकदा चाटला, दोनदा चाटला.
"ताई गं! गोड!"

आणि मिरी येते म्हणाली होती ना? मग चार दिवसांनी खरंच आली. जिरीला घेऊन आली.

गुळाचा खडा संपला, गोष्ट सांगून माझा घसा सुकला. जा बरं, आईला पाणी आण!