पाव झाड

माणसांच्या कितीतरी आधी रानात चेंडू खेळला जायचा, त्या काळची ही गोष्ट. नियम दोनच होते. होळी पेटली की खेळाडू मोकळा, त्यानं हव्या त्या संघात जावं. आणि संघानं खेळाडू पोसायचे ते फक्त आपल्या एका मोहाच्या फुलांवर.

टेकडीसंघाची कर्णधार होती भुरी रानम्हैस. होळीच्या दुसऱ्या दिवशी तिचा सगळ्यांत वेगवान खेळाडू, भिरभिऱ्या चितळ, तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"भुरीताई, नदीसंघ मला अर्ध्या झाडाची फुलं देतोय. तू किती देतेस?"

भुरीनं आपल्या मोहाकडे पाहिलं. याला अर्धं झाड दिलं, तर बचावातली दोन्ही रानडुकरं सोडावी लागणार.

"पाव झाड. त्याउपर एक फूल नाही."

भिरभिऱ्या गेला. सगळ्यांनी भुरीला फैलावर घेतलं. ती मात्र नदीच्या वाटेवर डोळे लावून बसली.

"तो काही परत यायचा नाही," संघातलं मुंगूस फणकारलं.

"त्याची वाट कोण बघतंय?"

संध्याकाळी त्या वाटेनं नदीसंघाचा गोलरक्षक, लांब हातांचा वानर, मान खाली घालून आला.

"भिरभिऱ्याला अर्धं झाड दिलं, अन् मला म्हणाले, आता तुझं तू बघ."

"पाव झाड शिल्लक आहे. ये," भुरी म्हणाली.

पुढे दोन्ही संघांची गाठ पडली. भिरभिऱ्या सगळ्यांना चकवत गोलपाशी पोचला आणि थबकला. समोर वानर हात पसरून उभा होता.

"मार की," वानर म्हणाला. "तू नको म्हटलेली फुलं खाऊनच उभा आहे."