आठ अधिक दोन गुणिले शून्य

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला दादा मला न्यायला आला. माझं मन कधीच आईपाशी जाऊन बसलं होतं. पण सासरे गणिताचे मास्तर. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘८ + २ × ०’.

“येईल उत्तर, तितके दिवस सूनबाई माहेरी!”

“दहा गुणिले शून्य... शून्यच की,” दादा पडेल आवाजात म्हणाला.

मी हळूच म्हटलं, “मामंजी, आधी गुणाकार, मग बेरीज. म्हणजे आठ.”

मामंजींनी हसत आठ अधिक दोनला कंस घातला. “आता?”

“आता शून्य. पण उत्तर आल्यावर प्रश्न बदलायचा, तर तुमच्या शाळेत एकही पोरगा पास झाला नसता.”

आतून सासूबाई खुदकन हसल्या. मामंजींनी मुकाट्यानं कंस पुसला.

आठ दिवस मिळाले खरे. पण एसटीत बसल्या बसल्याच ते मला कमी वाटायला लागले.