नक्की आकडा

एका नगरीत एक तळं होतं आणि त्या तळ्यावर पोसलेला एक राजा होता. राजा तृप्तसेनाला रोज ताटात मरळ मासा लागे. शेवाळ खाऊन बारीक मासळी वाढे, बारीक मासळी खाऊन मरळ वाढे आणि मरळ खाऊन राजा वाढे. राजाला खाणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तो वाढतच होता.

तळ्याच्या एका अंगाला खोल डोह होता. तो देवाचा. भोई तिथे कधी जाळं टाकत नसत. उन्हाळ्यात तळं आटलं की उरलेली मासळी डोहात शिरे आणि पावसाळ्यात पुन्हा तळंभर पसरे.

डोहातले जाडजूड मरळ पाहून राजा अस्वस्थ होई. त्याने दरबारचे गणिती नारोशास्त्री यांना विचारलं, "यातले किती काढता येतील? नक्की आकडा सांगा."

शास्त्रीबुवांनी भिंतभर गणित मांडलं. शेवटी एक 'क्ष' उरला.

"हा कोण?"

"पाऊस, महाराज. तो किती पडेल ते सांगता येत नाही. म्हणून डोहाला हात न लावलेला बरा."

"आमच्या राज्यात पडतो आणि आम्हालाच सांगत नाही? खोडा त्याला! नाहीतर तुमचं वर्षासन खोडतो."

शास्त्रीबुवा विद्वान होते. त्यांनी 'क्ष'च्या जागी सरासरी पाऊस लिहिला. तसा पाऊस त्या नगरीत कधीच पडला नव्हता, पण गणितात तो छान बसला. उत्तर आलं, रोज एक टोपली.

जाळं टाकताना म्हातारा जिवबा भोई पुटपुटला, "देवा, जाळं माझं, पण भूक महाराजांची. एवढं ध्यानात ठेव."

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. राजा सरासरीप्रमाणे जेवत राहिला. डोहात मासळीचं बीसुद्धा उरलं नाही. पुढच्या वर्षी धो धो पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं, आणि त्यात नुसते बेडूक! राजाच्या ताटात दुधी भोपळा आला.

"शास्त्रीबुवा, आता मरळ किती मिळतील? आणि 'क्ष' नकोय!"

"त्याची अडचण मिटली, महाराज," त्याच पंक्तीत दुधी चिवडत शास्त्रीबुवा म्हणाले. "पाऊस कमी पडो की जास्त, आकडा आता नक्की आहे. शून्य."

तात्पर्य: आभाळाचा भरवसा नसतो, म्हणून पाण्यात थोडं शिल्लक ठेवावं. ज्याला अनिश्चित चालत नाही, त्याच्या वाट्याला निश्चित शून्य येतं.